सोलापूरहून शिवसागर: डोंगरातल्या जलाशयात बोटीनं फिरण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. "ते बामणोलीचं पाणी, तुम्ही जाता ते, तिथं कसं जायचं? पोरं येतील का? किती खर्च?" गेली बरीच वर्षं मी हिवाळ्यात एकदा तरी तिकडं जातो. कधी घरच्यांना घेऊन, कधी गल्लीतल्या मित्रमंडळींना. तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. सगळी आपल्या सोलापूरच्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

हे तळं नेमकं कुठं आहे?

सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या ऐन कुशीत. कोयना धरणामुळं मागं जे पाणी साठलं, त्याला शिवसागर जलाशय म्हणतात. बामणोली हे त्याच्याच काठचं गाव. कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते आणि उत्तरेकडून दक्षिणेकडं वाहते. महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला किंवा पश्चिमेला धावतात. कोयना मात्र दोन डोंगररांगांच्या मधून दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. ही लांबट दरी धरणानं भरली, म्हणून तळ्याचा आकारही लांबुळका आहे. सुमारे ५० किलोमीटर लांबी, आणि दोन्ही बाजूंच्या ओढ्या-नद्यांच्या घळींमध्ये शिरलेले पाण्याचे फाटे. नकाशावर पाहिलं तर हाताची बोटं पसरल्यासारखं दिसतं. प्रत्येक वळणावर वाटतं की पाणी इथं संपलं, आणि बोट वळली की पुढं आणखी तेवढंच उघडतं. गोल तलावात ही गंमत मिळत नाही.

घरची उजनी सोडून एवढं लांब कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही. साठा पाहिला तर उजनी मोठी आहे. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), कोयनेची १०५. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, आणि वारकरी नावाचं काळं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं पाणपाखरू थव्यानं तरंगत असतं. पंढरपूरच्या जिल्ह्यात ते नाव ऐकलं की मला दर वेळी बरं वाटतं. पक्ष्यांसाठी उजनीलाच जा, तिच्या तोडीचं दुसरं ठिकाण आपल्याला जवळ नाही.

पण उजनी माळावरचं पाणी आहे. पसरट, उघडं, काठाला ऊस. शिवसागर डोंगरातलं आहे. बोटीत बसल्यावर दोन्ही अंगांना जंगल सरळ पाण्यात उतरलेलं दिसतं. आपण भुईकोट किल्ल्याच्या गावचे लोक. डोंगराच्या सावलीत तरंगणं काय असतं, हे सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसून कळत नाही.

सोलापूरहून कसं जायचं?

स्वतःची गाडी असेल तर मोहोळ, पंढरपूर, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव, सातारा. सोलापूर ते सातारा अंदाजे सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर, आणि जेवणाचा थांबा धरून साडेपाच-सहा तास. वाटेत पंढरपूरला विठ्ठल आणि गोंदवल्याला महाराजांची समाधी आहे, त्यामुळं घरातली वडीलधारी माणसं यायला आनंदानं तयार होतात. एसटीनं साताऱ्यापर्यंत जाऊन पुढं जीप ठरवता येते.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासचं पठार आणि कास तलाव मागं टाकायचे, आणि मग रस्ता उतरत उतरत बामणोलीला पोचतो. हा टप्पा ३५-४० किलोमीटरचाच आहे, पण सव्वा तास धरा. रस्ता अरुंद आणि वळणं फार. पाण्यात कोणाला मळमळलेलं मी अजून पाहिलं नाही, ह्या घाटात मात्र दर वेळी कोणीतरी गाडी थांबवायला सांगतं. आवळासुपारी किंवा लिंबू जवळ ठेवा आणि चढायच्या आधी पोटभर मिसळ खाऊ नका.

पेट्रोल-डिझेल साताऱ्यातच भरून घ्या.

बामणोली की तापोळा?

पाणी एकच, काठ वेगळे. तापोळा महाबळेश्वरच्या बाजूनं, तिथून २५-३० किलोमीटर खाली उतरल्यावर लागतं. महाबळेश्वरची सहल ठरलेली असेल तर तापोळ्याहून बोट घ्या. फक्त तळ्यासाठी आणि पलीकडच्या वासोटा किल्ल्यासाठी निघाला असाल तर बामणोली. सोलापूरहून येणाऱ्याला बामणोली सोयीची, आणि माझी आवडही तीच आहे.

महाबळेश्वरचा वेण्णा तलाव पाहिलाय. तसंच काही असतं का?

नाही. वेण्णा तलाव साताऱ्याच्या छत्रपतींनी १८४२ मध्ये गावाला पाणी मिळावं म्हणून बांधवला. छोटा आणि देखणा आहे, तिथं वल्ह्याची नाव अर्धा-एक तास फिरवून आणतात, काठावर मक्याचं कणीस खायचं आणि परत. शिवसागरावर तुम्ही इंजिनाच्या लाँचमधून प्रवासाला निघता. इथल्या गावकऱ्यांची तर ती रोजची वाट आहे. पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातली माणसं बाजाराला, दवाखान्याला, नातेवाइकांकडं पाण्यावरूनच जातात. गाड्या पलीकडं न्यायला तराफा असतो. जीप, मोटारसायकली, माणसं, शेळ्या असं सगळं त्याच्यावर चढून पाण्यावरून संथ सरकत असतं. वेळ असेल तर तराफ्यावरून एक फेरी जरूर करा. तळ्याच्या काठावरचं जगणं तिथं जेवढं जवळून दिसतं, तेवढं पर्यटकांच्या बोटीतून दिसत नाही.

कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पाणी भरपूर असतं, हवा स्वच्छ, आणि डोंगर अजून हिरवे. गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, सोडून सोलापूरचं कोणी जानेवारीच्या मध्यावर बाहेर पडत नाही, म्हणून आम्ही डिसेंबर तरी धरतो नाहीतर यात्रा उरकून जानेवारीचा शेवटचा आठवडा.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासला फुलं असतात. तेव्हा गर्दी खूप असते आणि पठारावर प्रवेशासाठी आधी नोंदणी लागते. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली जातं. बोटीतून उतरल्यावर सुकलेल्या गाळातून लांबवर चालावं लागतं, आणि वळवाच्या वादळाची भीती असते ती वेगळीच.

पावसाळ्यात?

जाऊ नका. तिथला पाऊस आपल्या अंदाजात बसत नाही. सोलापूरला वर्षभरात साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडतो, महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढं. जवळपास दहापट. डोंगर दिसत नाही, घाटात दरडी येतात, वासोट्याची वाट वनखातं बंद ठेवतं, आणि जंगलात जळवा असतात.

बोटीचं भाडं माणशी असतं का?

पूर्ण बोटीचं असतं, आणि कुठं जायचं त्यावर ठरतं. जवळचा तीन नद्यांचा संगम, दत्त मंदिर, वासोटा, प्रत्येकाचा दर निराळा. दर बोट क्लबच्या खिडकीवर लावलेले असतात. दर वर्षी थोडे बदलतात म्हणून इथं आकडा लिहीत नाही. दोघं-तिघं गेलात तर महाग पडतं, दहा-बारा जणांचा गट केला तर परवडतं. कमी असाल तर धक्क्यावर दुसऱ्या गटाला विचारा. सकाळी तिथं सगळे हेच करत असतात. आम्ही एकदा इचलकरंजीच्या एका कुटुंबाबरोबर बोट वाटून घेतली. ते यंत्रमागवाले, आमच्यातले दोघे यंत्रमागवाले. जाताना-येताना सुताच्या भावावरच गप्पा झाल्या.

एका बोटीत किती माणसं बसवायची हे बोटवाल्यानं सांगायचं आणि आपण ऐकायचं. "एकच पोरगं जास्त आहे, घ्या की मामा," असा आग्रह करू नका.

सकाळी लवकर निघायलाच हवं का? सुट्टीत तरी झोपू द्या!

लवकर निघायलाच हवं. दोन कारणं आहेत.

पहिलं वाऱ्याचं. डोंगरातल्या पाण्यावर सकाळ शांत असते. ऊन चढलं की दरीतली आणि माथ्यावरची हवा कमी-जास्त तापते, मग वारा सुटतो. तो दरीच्या नळीतून येतो म्हणून जोरात येतो. दुपारी तीननंतर त्याच पाण्यावर लाटा उठतात आणि लाँचच्या पुढच्या टोकावरून तुषार आत येतात. बोटवाल्यांना ह्याची सवय असते, पण सकाळी जी आरशासारखी वाट होती ती दुपारी मिळत नाही.

दुसरं धुक्याचं. डिसेंबरात सात-साडेसातला धक्क्यावर उभं राहिलात तर पाण्यातून वाफ निघताना दिसते. रात्रभर हवा गार झालेली, पाणी तिच्यापेक्षा उबदार, म्हणून पाण्यावर हातभर जाडीचा धुक्याचा थर धरतो. समोरचा डोंगर वरून दिसतो, खालून दिसत नाही. मागच्या डिसेंबरात आम्ही अशा वेळी निघालो. इंजिनाचा टकटक आवाज कड्यावर आपटून परत येत होता, त्यामुळं दुसरी बोट समोरून येतेय असं सारखं वाटे. मामांनी मध्येच इंजिन बंद केलं. का ते कोणी विचारायच्या आतच धुक्यातून एक डोकं वर आलं, मग खांदे, मग ट्यूबवर बसलेला अख्खा माणूस. जाळं ओढत होता. जाळ्यातला मासा अंगठ्याएवढा, पण त्याच्या खवल्यावर पहिलं ऊन पडलं तेव्हा ते दहा फुटांवरून चमकलं. मामांनी त्याला चुन्याची डबी दिली, त्यानं तंबाखू मळली, आणि आम्ही पुढं निघालो. आठ वाजेपर्यंत झोपलो असतो तर हे दिसलं नसतं.

लाईफ जॅकेट खरंच घालावं लागतं का? मला तर चांगलं पोहता येतं.

घाला. बोटीत चढायच्या आधी घाला आणि धक्क्यावर पाय टेकल्यावरच काढा.

ह्याबाबतीत मी आग्रही आहे. २१ मे २०२४ ची संध्याकाळ आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडं निघालेली बोट उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले, त्यात लहान मुलं होती. एकजण पोहून काठाला लागला, त्याच्यामुळं बाहेर कळलं. त्याआधी २०१७ च्या एप्रिलअखेरीला उजनीतच फिरायला गेलेल्या डॉक्टर मित्रांची बोट उलटून चौघांचा जीव गेला. दोन्ही वेळा उन्हाळा होता.

पोहणाऱ्यालाही हे लागू आहे. विहिरीत किंवा जलतरण तलावात पोहणं वेगळं. इथं अंगात स्वेटर, पायात बूट, पाणी गार, आणि काठ अर्धा-पाऊण किलोमीटर लांब. गार पाण्यात अचानक पडलं की आधी धाप लागते, हातपाय मारायचं भान नंतर येतं. त्या पहिल्या मिनिटात जॅकेट तोंड पाण्याबाहेर धरतं.

जॅकेट हातात आलं की तीन गोष्टी पाहा. बक्कल बसतं का? बसवून जोरात ओढून पाहा. पट्टे आवळता येतात का? खांद्यापाशी धरून वर उचललं तर ते कानापर्यंत येता कामा नये, आलं तर सैल आहे. आणि लहान मुलांसाठी लहान मापाचं मागा. मोठ्यांचं जॅकेट पोरांना घातलं तर पोरगं खालून निसटतं. एकदा एका धक्क्यावर आम्हाला मुलांच्या मापाची दोनच मिळाली आणि मुलं तीन होती. आम्ही तासभर थांबलो, दुसरी बोट परत आल्यावर तिच्यातलं घेतलं आणि मग निघालो. सोबतच्या मंडळींनी तोंडं वाकडी केली, पण थांबले.

मध्येच पाण्यात उतरून पोहता येतं का?

नको. हे तळं म्हणजे बुडालेली दरी आहे, काठ म्हणजे डोंगराचा उतार. दोन पावलांवर गुडघाभर, तिसऱ्यावर डोक्यावरून पाणी. तळाशी गाळ, जुन्या झाडांची खोडं, बांधांचे दगड. काठाला बसून पाय सोडा, त्यात पुष्कळ सुख आहे.

लहान मुलं आणि आजी-आजोबा येतील का?

संगमापर्यंतच्या किंवा दत्त मंदिराच्या फेरीला अवश्य. माझी आई सत्तरीत असताना आली होती. बोटीत चढताना फळी हलते तेवढंच अवघड, तिथं दोघांनी धरायचं आणि चढणाऱ्यानं मधोमध पाय ठेवायचा. गुडघे दुखणाऱ्यांना वासोटा नको. मुलं आठ-दहा वर्षांच्या पुढची असली तर गडही चढतात, आपल्यापेक्षा लवकर चढतात.

ते तीन नद्यांचं ठिकाण कोणतं?

बामणोलीपासून जवळ कोयना, सोळशी आणि कांदाटी ह्या नद्यांच्या दऱ्या एकत्र येतात. नद्या आता वेगळ्या दिसत नाहीत, पाणी एकच झालंय, पण तीन बाजूंना तीन दऱ्या उघडलेल्या दिसतात. बोटवाल्याला तिथं पाच मिनिटं इंजिन बंद करायला सांगा.

पाण्याखाली गावं आहेत म्हणतात, खरं का?

खरं आहे. धरण १९६० च्या दशकात उभं राहिलं आणि ह्या खोऱ्यातली कित्येक गावं, त्यांची भातखाचरं, देवळं, पाणवठे पाण्याखाली गेले. माणसं उठली. कोणी वर डोंगरात सरकलं, कोणाला रायगड-ठाण्याकडं जमिनी मिळाल्या, कोणाला सांगलीकडं, आणि काही कुटुंबं आपल्या सोलापूर जिल्ह्यात आली. धो धो पावसाच्या भातगावातून उठून ज्वारीच्या माळावर. मी हे पहिल्यांदा एका बोटवाल्याकडून ऐकलं. कुठून आलात, असं त्यांनी विचारलं. सोलापूर म्हटल्यावर ते म्हणाले, "आमचे चुलते तिकडंच गेले. आजी सांगायची, तिकडं पाऊस नाही म्हणून ते पहिल्या वर्षी रडत परत आलेले." मग बराच वेळ ते सुकाणू धरून गप्प होते, आणि आम्हीही काही बोललो नाही.

एप्रिलनंतर पाणी उतरलं की काठाला पायऱ्यांसारखे बांध उघडे पडतात. ते कोणाच्या तरी खाचराचे आहेत. आपल्या उजनीलाही असंच झालं. इंदापूरच्या बाजूला पळसदेवचं जुनं देऊळ पाणी आटलं की वर येतं आणि लोक ते पाहायला गर्दी करतात. ह्या काठावर फिरताना दगड उचलून आणू नका, त्यांच्यावर नावं कोरू नका. बोटवाल्याला त्याच्या गावाबद्दल विचारलंत तर तो सांगतो. विचारा.

ह्या पाण्याचा सोलापूरशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. कोयनेचं बहुतेक पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांनी पश्चिमेला पोफळीकडं जातं, तिथं वीज होते आणि पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. पश्चिमेला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वळवायची मुभा कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादानं दिलेली आहे. प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॅटच्या घरात आहे. संध्याकाळी सगळ्या राज्यात एकदम दिवे लागतात, मागणी उसळते, तेव्हा कोयनेच्या पाण्यावरची वीज चटकन सुरू करता येते.

उरलेल्यातलं काही पाणी धरणाच्या पायथ्यातून कोयना-कृष्णेत येतं. कऱ्हाडजवळ टेंभू योजनेनं ते उचललं जातं आणि टप्प्याटप्प्यानं चढवत आपल्या सांगोल्यापर्यंत आणलं जातं. सांगोल्याचं डाळिंब खाताना त्यात कदाचित तुम्ही ज्याच्यावर तरंगलात ते पाणी असेल. मला ही गोष्ट त्या तळ्यावर असताना सारखी आठवते. ज्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्या शहरातले आपण तिथं एवढं पाणी बघतो तेव्हा गप्पच होतो.

बोटीतून धरण दिसतं का? आणि तो भूकंप?

धरण बामणोलीपासून खूप दूर, दुसऱ्या टोकाला आहे, आणि सुरक्षेमुळं पर्यटकांच्या बोटी भिंतीजवळ नेत नाहीत. ते पाहायचं तर पाटणमार्गे कोयनानगरला रस्त्यानं जावं लागतं. भिंतीची उंची १०३ मीटर आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली. धरणातल्या पाण्याच्या साठ्याचा आणि भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ तेव्हापासून अभ्यासत आहेत, आणि जगभर ह्या विषयात कोयनेचं नाव घेतलं जातं. भागात लहान धक्के अजून बसतात. बोटीत बसलेल्याला ते जाणवतही नाहीत.

वासोट्याला बोटीनंच जावं लागतं का?

बामणोलीहून जायचं तर हो. लाँचला एक ते दीड तास लागतो. हा भाग कोयना अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो, म्हणून वनखात्याची परवानगी आणि प्रवेश शुल्क आहे. सगळ्यांची ओळखपत्रं जवळ ठेवा. पलीकडं उतरल्यावर बॅगा तपासतात. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पाकिटं मोजतात, अनामत घेतात आणि परतताना तेवढीच दाखवली की पैसे परत देतात. आम्ही आता स्टीलच्या बाटल्याच नेतो.

संध्याकाळच्या आत पाण्याकडं परत यायचं, जंगलात मुक्काम करायचा नाही. चढायला दोन-अडीच तास, उतरायला दीड, वर तास-दीड तास, आणि बोटीचे येऊन-जाऊन तीन तास. हिशेब केलात तर सकाळी आठला बोट का सुटायला हवी ते कळेल.

गडावर पाहण्यासारखं काय आहे?

चढ सगळा घनदाट झाडीतून, आभाळ दिसतच नाही. मग एकदम उघड्यावर येता. पायऱ्या, दरवाजाचे अवशेष, बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा. शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये हा गड घेतला आणि नाव ठेवलं व्याघ्रगड. पुढं त्याचा उपयोग कैदखाना म्हणून झाला. १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या 'जुना वासोटा' नावाच्या डोंगरावर तोफा चढवल्या आणि तिथून ह्या गडावर मारा केला.

सगळ्यात शेवटी बाबू कड्यावर जा. वाटीसारखा आत वळलेला ताशीव कडा आहे. गडावरच्या काळकाई देवीच्या ठाण्याच्या बाजूनं खाली कोकण दिसतं. एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला कोकणात तुटलेली भिंत. कड्याच्या टोकाशी जाऊन फोटो काढू नका, वारा असतो आणि मुरूम सुटा आहे. पोटावर झोपून खाली पाहा.

प्राणी दिसतात का? वाघ?

वाघाच्या आशेनं जाऊ नका. गवा दिसू शकतो, पाण्याला आलेला. झाडावर शेकरू दिसतं, तांबूस, लांब शेपटीचं, आपल्या राज्याचं मानचिन्ह. बिबट्या आणि अस्वल ह्या रानात आहेत, म्हणून गट सोडून एकटं पुढं-मागं राहायचं नाही आणि आरडाओरडा, गाणी लावणं बंद. बोटीत स्पीकर लावणाऱ्यांना मी हात जोडून विनंती करतो.

मुक्काम कुठं करावा?

बामणोलीत आणि आसपास घरगुती राहण्याची सोय होते, काठाला तंबूही असतात. मला घरगुती जागा आवडते. रात्री चुलीवरची भाकरी आणि तळ्यातल्या माशाचं कालवण मिळतं, माळकरी असाल तर पिठलं. आधी फोन करून माणसं सांगा, तिथं ऐनवेळी किराणा मिळत नाही. शनिवार-रविवार टाळता आले तर टाळा.

एका दिवसात जाऊन येणं होईल का?

सोलापूरहून होणार नाही. दोन रात्री धरा. पहिल्या दिवशी दुपारी बामणोली गाठायची आणि संगमाची छोटी फेरी करायची. दुसरा दिवस वासोट्याला. तिसऱ्या दिवशी परत. रात्री गाडी चालवून पहाटे पोचायचा आणि तसंच बोटीत बसायचा प्रयोग आम्ही एकदा केला. गडावर अर्धी मंडळी मारुतीच्या ओट्यावर झोपली आणि कडा न बघताच खाली आली.

खायला बरोबर काय न्यावं?

कडक भाकरी! त्यासाठीच ती आहे. ज्वारीची, बाजरीची, पंचाच्या कापडात बांधून नेली की चार दिवस काही होत नाही, आणि प्लास्टिक लागत नाही. डब्यात शेंगाची चटणी, वर कच्चं तेल घालायला छोटी बाटली, कांदा, थोडं दही मिळालं तर बामणोलीतून. गडाच्या माथ्यावर भाकरी मोडायचा कडकड आवाज झाला की शेजारचे गट वळून बघतात. त्यांना द्या. मुंबईच्या मुलांनी माझ्याकडून चटणी कागदात बांधून नेली आहे. पहिल्या दिवसासाठी धपाटे चालतात. तेलकट फरसाण नको, चढताना तहान लागते.

आणखी काय जवळ असावं?

सोलापूरच्या माणसाला थंडीचा अंदाज येत नाही. चालत्या बोटीत अंगावर जो वारा येतो तो स्वेटरमधून आत जातो. प्रत्येकी कानटोपी आणि बोटीत एक सोलापुरी चादर ठेवा, तीन माणसं तिच्यात मावतात. बूट तळवा धरणारे, बदली मोजे, बॅटरी, नेहमीची औषधं. फोनसाठी घट्ट बसणारी पिशवी. ड्रोन घरी ठेवा. रोख पैसे न्या. रेंज बामणोलीपलीकडं जवळजवळ नसते, त्यामुळं निघताना घरी सांगा की संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही.

बोटवाल्याला वेगळं काही द्यावं का?

ठरलेलं भाडं द्या आणि वेळ पाळा. वासोट्याहून उशिरा उतरणाऱ्या गटामुळं त्यांना अंधारात पाण्यावर यावं लागतं. आम्ही घरून एक टॉवेल नेतो, सोलापूरचा. परवा ज्यांच्या बोटीत बसलो त्या मामांच्या खांद्यावर तीन वर्षांपूर्वी दिलेला होता. रंग उडालेला, कडा विरलेल्या, इंजिनाच्या तेलाचे डाग पडलेले. नवा दिला तर घडी घालून सीटखालच्या पेटीत ठेवला आणि जुन्यानंच पुसून फळी कोरडी केली, आईला बसायला.